चक्क्याच्या कापडातून पेट्रोल

आमच्या घरात चहाची गाळणी वेगळी आणि पेट्रोल गाळायचं कापड वेगळं, असं मी कॉलेजात मैत्रिणींना सांगितलं तेव्हा त्यांना वाटलं मी फेकतेय. फेकत नव्हते. ज्या घराबद्दल बोलत होते त्याला चाकं होती. त्याची मागची भिंत खाली उतरायची, तिचा उतार व्हायचा, आणि त्या उतारावरून बाबाच्या दोन एटीव्ही, म्हणजे वाळूत पळवायच्या चारचाकी मोटारसायकली, सरळ घरात शिरायच्या. अशा ट्रेलरला टॉय हॉलर म्हणतात. पुढे स्वयंपाकघर, त्याच्या वरच्या अंगाला आईबाबांचा पलंग, आणि मागे गॅरेज. मी गॅरेजात झोपायचे, दोन एटीव्हींच्या मधे घडीची खाट टाकून. वर्गातल्या मुली सकाळी गजराने उठत असतील. मी पेट्रोलच्या वासाने उठायचे, आणि त्यात आईने फोडणीत मिरची टाकली की दोन्ही वास मिसळून डोक्यात असे जायचे की झोपेची राहायची टाप नव्हती.

ट्रेलरच्या पोटातच पेट्रोलची टाकी होती आणि बाहेरच्या बाजूला पंपावर असतं तसं नळी नि नोझल. बटण दाबलं की आतली मोटर घर्रर्र करायची आणि एटीव्हीत पेट्रोल पडायचं. अमेरिकेत शॉमबर्ग गावी राहत असताना जेवायला आलेल्या प्रत्येक पाहुण्याला बाबा ताटावरून उठवून ते दाखवायला न्यायचा. "घरचा पेट्रोलपंप आहे बे आपला!" नागपूरचा माणूस, उत्साह आला की त्याला हात धुवायचंही भान नसे. आई म्हणायची, "बाकीच्यांचे नवरे डेकवर ग्रिल घेतात, आमच्याने पंप घेतला."

तर हा पंप जुना होता. ट्रेलरच्या आधीच्या मालकाने त्यात पेट्रोल भरून वर्षानुवर्षं तसंच ठेवलेलं. टाकीला आतून गंज चढला होता, आणि पहिल्यांदा बाबाने नोझल दाबलं तेव्हा जे बाहेर आलं ते बघून आई म्हणाली, "हे पेट्रोल आहे की काढा?" बाबाने टाकी धुतली, नवीन फिल्टर लावला, पण तपकिरी कण काही जाईनात. मग एके दिवशी त्याने आईच्या चक्का बांधायच्या पांढऱ्या मलमलीच्या कापडाचा परस्पर एक तुकडा फाडला, नरसाळ्यावर घातला आणि त्यातून पेट्रोल गाळलं. कापडावर सगळा गाळ राहिला. पेट्रोल झालं लख्ख. आई दोन दिवस बोलली नाही, कारण ते कापड तिने लातूरहून आणलं होतं आणि तसं विणलेलं कापड अमेरिकेत मिळत नाही असं तिचं ठाम मत होतं. शेवटी तह झाला. पेट्रोलच्या तुकड्याच्या कोपऱ्याला तिने लाल दोऱ्याचा टाका घातला, म्हणजे चुकून त्यात दही बांधलं जाऊ नये. तेव्हापासून आमच्याकडे पेट्रोल गाळूनच घ्यायचं असा रिवाज पडला. आई शेगडीवर असली की बाबाने बाहेरून ओरडायचं, "पंप!" आणि तिने आतून शेगडी विझवून ओरडायचं, "बंद!" मगच तो बटण दाबायचा. हे दोन शब्द मी इतक्या वेळा ऐकलेत की आजही कुणी गॅस पेटवला की माझे कान टवकारतात.

ही सगळी मजेच्या दिवसांतली गोष्ट. मी पंधरा वर्षांची असताना बाबाची नोकरी गेली. आमचा व्हिसा त्या नोकरीवर टेकलेला. नोकरी गेली की थोडे दिवस मिळतात, तेवढ्यात दुसरी मिळाली तर राहा, नाहीतर सामान बांधा. शॉमबर्गच्या घराचं लीज संपत आलेलं. बाबा म्हणाला, "चाकावरचं घर आहे ना आपल्याकडे? इंटरव्ह्यू काय, फोनवर होतात." म्हणून आम्ही तिघं, दोन एटीव्ही, सहा बरण्या लोणची आणि आईचा देव्हारा असे पश्चिमेकडे निघालो, कारण ॲरिझोनाच्या वाळवंटात सरकारी जमिनीवर फुकट राहता येतं असं बाबाने कुठेतरी वाचलं होतं. मला ते साहस वाटलं असेल असं कुणाला वाटत असेल तर चूक. मला शाळा हवी होती, माझी खोली हवी होती, आणि मी रागाने सतत कानात इअरबड्स घालून बसायचे.

आईला पाण्याचं वेड होतं. टँकरच्या रांगेत मोठी झालेली बाई. शॉमबर्गला चोवीस तास नळ असताना ती बाथरूममध्ये दोन बादल्या भरून झाकून ठेवायची. प्रवासात तर विचारूच नका. जिथे थांबू तिथे तिचं पहिलं वाक्य, "सई, पाणी भरून घे. सगळं भरून घे. पुढे मिळेल न मिळेल." वाळवंटात शिरायच्या आधी एका गावात आम्ही पाण्यासाठी थांबलो. मी कानात गाणी लावून नळी ओढत ट्रेलरच्या बाजूला गेले. तिथे दोन झाकणं होती, दोन्ही काळी, दोन्ही सारखी. आईने सगळं भरायला सांगितलं होतं. मी पहिलं झाकण उघडलं, नळी खुपसली आणि नळ सोडला. गाणं चालू होतं. मग पेट्रोलचा वास आला.

मी नळी खेचून काढली. किती पाणी गेलं होतं? दोन तांबे, अर्धी बादली, देव जाणे. मला आठवतंय ते एवढंच की मी आधी झाकण लावलं आणि मग इकडेतिकडे बघितलं.

का सांगितलं नाहीस, असं कुणी विचारलं तर माझ्याकडे उत्तर आहे, पण ते पुरेसं नाही. त्या सकाळी आईबाबांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. आईला परत जायचं होतं, बाबाला नाही. आई म्हणाली होती, "आता अजून एक काही झालं ना सुहास, तर मी खरंच सईला घेऊन तिकीट काढते. तू बस इथे वाळूत." ते अजून एक काही माझ्या हातून झालं होतं. बाबा ट्रेलरच्या आत फोनवर कुणाला तरी "येस, आय अंडरस्टँड, नो प्रॉब्लेम" म्हणत होता, आणि आई पायरीवर कपाळाला हात लावून बसली होती. मी मनाशी म्हटलं, पाणी जड असतं, तळाला बसेल आणि तिथेच राहील. दुसऱ्या दिवशी बाबाने पंपावर जाऊन त्याच टाकीत वरून पेट्रोल भरलं तेव्हाही मी बाजूलाच उभी होते. तोंडातून शब्द काढला नाही. आणि पंपाची नळी पेट्रोल टाकीच्या तळातूनच ओढते एवढी साधी अक्कल मला नव्हती.

आम्ही मुक्काम टाकला तिथे आमच्याखेरीज कुणी नव्हतं. मे संपत आलेला, शहाणी माणसं केव्हाच थंडीकडे गेलेली. चहूकडे फिकी वाळू, काटेरी झुडपं आणि दक्षिणेला एक काळी टेकडी. फोनला रेंज फक्त त्या टेकडीवर. ट्रेलरमध्ये दिवसा उकडून जीव जायचा. आईचं दही मात्र दोन तासात लागायचं, तिला तेवढंच त्या जागेचं कौतुक. तिसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता बाबाला एका कंपनीचा फोन येणार होता. हा शेवटचा होता. तसं कुणी म्हटलं नाही, पण आईने चक्का टांगला होता, आणि श्रीखंड ती उगाच करत नसे.

साडेनऊला बाबा निघाला. इस्त्रीचा शर्ट घातला होता. फोनवर कोण बघणार आहे, असं मी म्हटलं तर म्हणाला, "मी बघतो ना." त्याच्या एटीव्हीत थोडं जुनं पेट्रोल होतं, वर त्याने आपल्या पंपाचं भरून घेतलं. "पंप!" "बंद!" घाईघाईत कापडातून गाळलं आणि म्हणाला, "चकाचक!" मी गॅरेजाच्या दारात उभी होते. तेव्हा सांगायला हवं होतं. पण तो इतका खुशीत होता, शीळ घालत होता, आणि मला वाटलं, कापडातून गाळलंय ना, म्हणजे झालं. आमच्या घरात त्या कापडावर सगळ्यांचाच आंधळा विश्वास होता. एक पाण्याची बाटली आणि फोन घेऊन तो टेकडीकडे गेला.

बारा वाजले. आई म्हणाली, लांबला असेल इंटरव्ह्यू, म्हणजे चांगलं लक्षण. साडेबारा वाजले. तिने श्रीखंड फेटलं, वेलची कुटली, परत बाहेर येऊन टेकडीकडे बघितलं. एक वाजता तिने ओढणी डोक्यावर घेतली आणि उन्हात उभी राहिली ती हलेचना. आमचे फोन रेंजविना मेलेले. ट्रेलर ओढणारा डिझेलचा ट्रक होता, पण त्याची किल्ली बाबाच्या पँटच्या खिशात, कारण बाबाच्या खिशात सगळ्या किल्ल्या असत. उरली दुसरी, मी चालवायचे ती छोटी एटीव्ही. तिची टाकी कोरडी.

"पेट्रोल भर," आई म्हणाली. "मी जाते."

"आई, तुला गिअर पण येत नाही."

"मग शिकव."

"आणि दोघी गेलो तर बाबाला बसवणार कुठे? मी जाते. आय नो हाऊ."

तिने माझ्याकडे बघितलं. पंधरा वर्षांची मुलगी वाळवंटात एकटी सोडायची की नवरा तिथे तसाच ठेवायचा, हे तिला त्या उन्हात उभ्या उभ्या ठरवायचं होतं. मला मुलं झाल्यावर तो चेहरा मला पुष्कळदा आठवला. ती आत जाऊन शेगडी बंद आहे ना ते बघून आली आणि कापड घेतलं. मी बटण दाबलं, तिने नरसाळं धरलं. कापडावर नेहमीसारखे तपकिरी कण साचले आणि खाली डब्यात पेट्रोल पडत राहिलं. "बघ, किती स्वच्छ आलंय," ती म्हणाली. मी मान डोलावली. हो, डोलावली. मला माहीत होतं आणि मी मान डोलावली. आतून मी गणपतीला म्हणत होते, पाणी नसू दे, कसंही करून त्यात पाणी नसू दे. त्या दहा मिनिटांची मला आजही जितकी लाज वाटते तितकी पाणी घातल्याचीही वाटत नाही.

एटीव्ही सुरू झाली. मी हेल्मेट चढवलं, आईने माझ्या पाठीला बाटल्यांची पिशवी बांधली, आणि मी ट्रेलरपासून जेमतेम शंभर पावलं गेले असेन, इंजिन खोकलं, गचके दिले आणि बंद पडलं. पुन्हा बटण दाबलं. पुन्हा खोकलं. मग तेही नाही. सगळीकडे एकदम शांत झालं, आणि त्या शांततेत मला बाबाचं काय झालंय ते स्वच्छ कळलं. तोही असाच थांबला होता. कुठे, किती लांब, ते फक्त माहीत नव्हतं.

आई धावत आली. चप्पल वाळूत निघून गेली होती तरी धावत आली. "काय झालं? काय झालं गं?"

"आई, कापडाने नाही होणार."

"का नाही? पुन्हा गाळू. दुहेरी करून गाळू."

"त्यात पाणी आहे."

"पाणी कुठून येईल पेट्रोलमध्ये?"

"मी घातलं. त्या दिवशी, गावात. चुकून. आय स्वेअर, चुकून."

मला वाटलं ती मारेल. मारलं असतं तर फार बरं झालं असतं. ती म्हणाली, "किती?"

"माहीत नाही."

"म्हणजे सुहासच्या गाडीत पण."

"हो."

ती तिथेच तापलेल्या वाळूवर बसली आणि तिच्या तोंडून एक आवाज आला, हुंदका नव्हे, ओरडणं नव्हे, पोटात लाथ बसल्यावर येतो तसा. मी रडायला लागले. सॉरी आई, सॉरी आई, एवढंच म्हणत राहिले. किती वेळ गेला कोण जाणे, अर्धं मिनिटही नसेल. मग ती हाताने वाळू झटकत उठली. "रडायचं नंतर. गाडी ढकल. आणि बरण्या आण."

"कुठल्या?"

"लोणच्याच्या! काचेच्या! सगळ्या!"

तिने सहाही बरण्यांमधलं लोणचं एका पातेल्यात ओतलं. आंबा, लिंबू, मिरची, सगळं एकत्र. ज्या बाईने एक चमचा दुसऱ्या बरणीत गेला म्हणून मला झापलं होतं, तिने. बरण्या पुसून उन्हात ठेवल्या, मिनिटात कोरड्या झाल्या. हे करताना ती बोलत होती, माझ्याशी की स्वतःशी ते कळत नव्हतं. तिच्या लहानपणी रेशनचं रॉकेल यायचं, त्यात पाणी निघायचं, स्टोव्ह फुरफुर करून विझायचा. घरात कितीही कापडांतून गाळलं तरी उपयोग नसायचा, कारण कापडातून रॉकेल जातं तसं पाणीही जातं. "कापड कचरा धरतं, पाणी धरत नाही. मला एवढं माहीत असून मी बघत राहिले. पाणी असेल असं डोक्यातच आलं नाही." मग काय करायचात, असं मी विचारलं. "ठेवून द्यायचं. काचेच्या बाटलीत. हलवायचं नाही. आणि वरचं वरचं काढून घ्यायचं."

पंपातून सहा बरण्या भरल्या. पेट्रोल गढूळ होतं, पातळ ताकासारखं. ट्रेलरच्या सावलीत फळीवर बरण्या ओळीने ठेवल्या आणि आम्ही दोघी त्यांच्यासमोर उकिडव्या बसलो. मी आयुष्यात पुष्कळ वाट बघितली आहे, दवाखान्यांच्या बाकांवर, विमानतळांवर, पण त्या बरण्यांसमोर बसले तशी कधी बसले नाही. काही करता येत नव्हतं. हात लावला तर ढवळणार. बाबा उन्हात होता, एका बाटलीवर, बीपीची गोळी घेणारा माणूस, आणि आम्ही वरण शिजायची वाट बघत बसावं तशा बसलो होतो. मी म्हटलं, "मी चालत जाते." आई म्हणाली, "म्हणजे मी दोघांना शोधू?" जरा वेळाने ती आत गेली आणि एक पुडी घेऊन आली. जिलबीत घालायचा केशरी रंग. प्रत्येक बरणीत तिने चिमूट चिमूट टाकला. "हा तुपात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. बघू आता कुठवर आहे."

पूड खाली गेली. आधी काही दिसलं नाही. मग तळाशी रंग धरायला लागला. एक बोट, दोन बोटं, अडीच बोटं केशरी, आणि त्याच्या वर गढूळ पेट्रोल हळूहळू निवळत चाललेलं. मी घातलेलं पाणी असं माझ्यासमोर रंगीत होऊन उभं राहिलं, सहाच्या सहा बरण्यांत. आईने बघितलं, मी बघितलं. ती एवढंच म्हणाली, "बापरे, किती गं."

तेवढ्या वेळात मी गाडीची टाकी रिकामी केली. बाबा कार्ब्युरेटरच्या खालचा स्क्रू ढिला करून आतलं पेट्रोल काढायचा ते मी शंभर वेळा कंटाळून बघितलं होतं. तोच स्क्रू शोधला. स्क्रूड्रायव्हर दोनदा वाळूत पडला. स्क्रूमधून आधी पाण्याचे थेंब आले, मग फसफसून थोडं पेट्रोल. आई पळीने बरण्यांमधलं वरचं पेट्रोल काढू लागली. एरवी कढईतलं तूप काढतानाही तिचा हात असा जपून चालत नसे. केशरीच्या वर चार बोटं राहिली की बरणी सोडून द्यायची. पळीतलं नरसाळ्यात, नरसाळ्यावर कापड, कापडातून टाकीत. घाई करू नकोस असं ती मला म्हणत होती, पण मी काहीच करत नव्हते, ती स्वतःलाच सांगत होती. सहा बरण्यांतून अर्धी टाकीही भरली नाही.

"पुरेल?"

"पुरेल."

"खरं सांग. आता तरी खरं सांग सई."

"माहीत नाही, आई."

तिने माझं हेल्मेट स्वतः बांधलं, हनुवटीला चिमटा बसेपर्यंत घट्ट. "गाडी बंद पडली तर गाडीपाशीच बसायचं. चालत निघायचं नाही. मी येईन." कशी येणार होती, कुठून येणार होती, हे मी विचारलं नाही. तिचे हात पेट्रोलने आणि लोणच्याच्या खाराने माखले होते आणि ते तिने माझ्या दोन्ही गालांवर ठेवले. मग बटण दाबलं. इंजिन एकदा खोकलं आणि धरलं.

बाबाच्या चाकांच्या खुणा वाळूत स्पष्ट होत्या. मी त्यांच्यावरून चालवत गेले आणि सगळा वेळ कान इंजिनाकडे. टेकडीच्या वाटेवर अर्ध्याहूनही अलीकडे त्याची एटीव्ही दिसली. नुसती एटीव्ही. सीटवर हेल्मेट, खाली कार्ब्युरेटरचा स्क्रू काढून ठेवलेला, बाटली रिकामी. मी "बाबा!" म्हणून ओरडले. त्या जागेत आवाज जात नाही, तोंडापाशीच मरतो. बुटांचे ठसे टेकडीकडे गेले होते, आधी सरळ, मग वाकडे. मी ठशांवरून चालवत गेले. एका झुडपाच्या आडोशाला, जेमतेम डोकं मावेल एवढ्या सावलीत, तो बसला होता. इस्त्रीचा शर्ट काढून डोक्याला बांधलेला. फोन हातात, हात वर धरलेला, अजून.

"बाबा!"

त्याने मान वळवली. ओठ फुटून पांढरे झाले होते. जीभ जड झालेली. पहिला शब्द त्याने काय काढला? "किती वाजले?"

मी घड्याळ बघितलं नाही. तीन तरी झाले होते. मी बाटली त्याच्या तोंडाला लावली, तो घटाघटा प्यायला, अर्धं अंगावर सांडलं, आणि मग फोनकडे बघत म्हणाला, "रेंजची एक दांडी पण आली नाही गं. एक पण नाही."

मी म्हटलं, "बाबा, पेट्रोलच्या टाकीत पाणी मी घातलं. चुकून. आणि सांगितलं नाही."

मला वाटलं त्याला कळलंच नाही. मग त्याने विचारलं, "आईला माहितीये?"

"हो."

"बरं," तो म्हणाला. एवढंच. उठायला गेला तर तोल गेला, मी धरला. गाडीपाशी आल्यावर म्हणाला, "सरक, मी चालवतो," आणि हँडल धरून बघितलं आणि सोडून दिलं. "नको. तूच चालव." तो माझ्या मागे बसला आणि त्याने कपाळ माझ्या पाठीवर टेकलं. कपाळ इतकं तापलं होतं की शर्टमधून चटका बसत होता. वाटेत कधीतरी तो हलायला लागला. तो रडतोय हे मला पाठीला कळलं. मी वेग कमी केला नाही. मला त्याला घरी न्यायचं होतं, बाकी काही नाही.

आईने आम्हाला लांबून बघितलं असणार, कारण आम्ही पोचलो तेव्हा ती उतारावर दोन्ही हातांनी कठडा धरून उभी होती. तिने त्याला ओढून सावलीत नेलं, डोक्यावर पाणी ओतलं, मीठ-साखर-लिंबू पाजलं, तोंडाने त्याला आणि मला आणि अमेरिकेला शिव्या चालूच. तासाभराने त्याच्या चेहऱ्यावर रंग आला. तेव्हा तिने विचारलं. विचारणारच होती.

"कॉल?"

मी बाबाकडे बघितलं. त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

"झाला ना," तो म्हणाला. "वर पोचलो होतो मी. परत येताना बंद पडली गाडी. कॉल झाला. नाही जमलं, मृणाल. त्यांना दुसरा कुणीतरी हवा होता."

मला बोलायला हवं होतं. त्याच दुपारी तर शिकले होते, न बोलल्याने काय होतं ते. पण बाबाने श्रीखंडाची वाटी उचलली आणि माझ्यापुढे केली, आणि मी ती घेतली.

आम्ही पुढच्या आठवड्यात ट्रेलर विकून परत गेलो. मी कॉलेजसाठी पुन्हा इकडे आले आणि इथेच राहिले. ते दोघं नागपूरला. ट्रेलरचे दिवस आईच्या गप्पांत शेवटपर्यंत होते: लोणच्याच्या बरण्या, केशरी रंग, आणि चुकून पाणी घालणारी तिची लेक. मला त्याबद्दल तिने केव्हाच माफ केलं होतं. "पोर होती, घाबरली," म्हणायची. पण मी सुट्टीत गेले की जेवताना पाहुण्यांपुढे एक गोष्ट ती नेहमी शेवटी सांगायची. "शेवटचा इंटरव्ह्यू मात्र सुहासने घालवला हो. मी सांगत होते, सावकाश बोल, सावकाश बोल. नाहीतर आज आम्ही तिथेच असतो." बाबा ताटाकडे बघत हसायचा, म्हणायचा, "घालवला खरा." आणि मी वाढायला उठायचे.